सुई न घेता

मिल्या,

तू गेल्यापासून तुझा हंस अन्नाला शिवत नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? घाटकोपरला तुला पोचवून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर गेले, तर सुभेदार मागच्या अंगणात आरामात मका खात होता. मी जवळ गेले तशी त्याने नेहमीसारखी माझ्या साडीच्या निऱ्यांना चोच मारली. एवढी वर्षं स्वतःच्या डब्यातली चपाती मोडून त्याला घातलीस, त्याचं हे फळ. मला मात्र बरं वाटलं रे. सगळं केंद्र माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू हळू बोलत होतं. केंद्राचे प्रमुख असून डॉक्टरांनी स्वतः खुर्ची पुढे केली, जी त्यांनी बायकोसाठीही कधी केली नसेल. एक सुभेदार तेवढा नेहमीसारखा वागला. मग मी तिथेच उलट्या घमेल्यावर बसून रडले. आदल्या दिवशी रडायला वेळच मिळाला नव्हता. वहिनींना सांभाळायचं होतं, तुझ्या आईला पाणी पाजायचं होतं, तुझ्या पोरीला शेजाऱ्यांकडे नेऊन बसवायचं होतं.

मला तुझा राग आलाय. तो आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. रविवारी दुपारी जेवून आडवा काय झालास, उठलाच नाहीस. डॉक्टर लोक हृदयाचं काहीतरी सांगतात. असेल. पण सोमवारी मला तुझं रक्त घ्यायचं होतं. दुसरं रक्त. तू कबूल केलं होतंस. भांडुपच्या अख्ख्या टेकडीकडून गोड बोलून जे काढून घेतलंस, ते स्वतः द्यायची पाळी आली तेव्हा चक्क टांग दिलीस.

त्या आठवड्यात घाटकोपरला तुझ्या मामांनी मला विचारलं, "तुमचं नेमकं काम काय होतं हो? मिलिंद सांगायचा, पण त्यात हंस यायचा, डास यायचे, आम्हाला काही झेपायचं नाही." मी सांगायला गेले आणि मलाही जमेना. तू कसा झटक्यात सांगायचास. डास माणसाला चावतो, कधी कधी सोबत विषाणू सोडून जातो, माणसाला ताप येतो. आमचं केंद्र डासांत काय आहे ते बघतं आणि माणसांत काय आहे ते बघतं, आणि दोघांचा मेळ लागतो का ते बघतं. ही सुलभा डास बघते, मी माणसं बघतो, कारण तिला माणसं आवडत नाहीत. यावर सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण ते खरं होतं. डास उलट उत्तर देत नाहीत. त्यांच्याकडे चहा घ्यावा लागत नाही की घरात कोण कोण असतं ते सांगावं लागत नाही.

आणि हंस का, तर तेही तू पोळी लाटल्यासारखं सोपं करून सांगायचास. ताप येऊन गेला की रक्तात त्या विषाणूशी लढणारं काहीतरी तयार होतं. ते आहे की नाही हे बघायला हंसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लागतात. बशीतल्या एकेका खळग्यात माणसाचं रक्त पातळ करत जायचं, विषाणू घालायचा, वरून हंसाच्या पेशी. लढणारं काही नसेल तर पेशी खळगाभर पसरतात. असेल तर सगळ्या तळाशी गोळा होऊन बसतात, तांबडी टिकली लावावी तशा. तू बशी उजेडाकडे धरून म्हणायचास, "बघ गं सुलू, सवाष्ण."

पहिल्या सुभेदाराची गोष्ट मी मामांना सांगितली नाही, दुखवट्याच्या घरात हसू आवरलं नसतं. या तपासणीला नर लागतो, मादी अंड्यावर आली की तिचं रक्त साथ देत नाही, म्हणून आपण दोघं तरीत बसून गोराईला गेलो होतो. तिथल्या हंस पाळणाऱ्या एस्तेलमावशींनी अंगणातला सगळ्यात दांडगा दाखवला. त्याने आल्या आल्या तुझ्या पोटरीचा चावा घेतला आणि तू खूश. "हा नर. बाईमाणूस असं वागत नाही," म्हणालास, आणि मी तुझ्याकडे बघितलं तसा टोपली शोधायला पळालास. टोपलीत घालून, वर मावशींचं जुनं लुगडं बांधून आणला त्याला. नाव तूच ठेवलंस, सुभेदार. आठवड्याभराने डॉक्टर वरच्या कचेरीतल्या पाहुण्यांना केंद्र दाखवत होते. "आणि हा आमचा नर हंस," असं म्हणाले आणि सुभेदार बाजूला सरकला तर खाली हे एवढं अंडं. डॉक्टर अंड्याकडे बघत राहिले. तू म्हणालास, "सर, सकाळपर्यंत तरी नर होता."

बदलून आणायला गेलो तेव्हा मावशींनी कपाळाला हात लावला. "अगो बाई, मी तर ह्याला नर समजून प्रत्येक नाताळला कापायचा टाळला, वंश चालवील म्हणून. मला पण फसवलं की." ते अंडं तू पोरीला दाखवायला घरी नेलंस. ती अजून सांगते म्हणे सगळ्यांना, माझे बाबा सरकारी अंडं आणतात.

आपण किती भांडलो रे. लोकांना वाटायचं, यांचं जमत नाही. मी टेकडीवरच्या घरांत शिरून कॉटच्या खाली, टांगलेल्या कपड्यांमागे डास शोधायचे, काचेच्या नळीने तोंडाने हवा ओढून एकेक पकडायचे. पायांवर पांढरे पट्टे असलेले, दिवसाउजेडी चावणारे. आणून त्यांना भिजवलेल्या मनुकांवर ठेवायचे, पोटातलं माणसाचं रक्त पचून जाईपर्यंत. नाहीतर सापडलेला विषाणू त्या डासाचा, की तो ज्याला चावला त्याच्या रक्तातला, हे कसं कळणार? तुला घाई. "तोवर निम्मे मरतात गं." मी म्हणायचे, "मेलेल्यांचं मी बघते, तू तुझ्या जिवंतांचं बघ." आणि मनुका जातात कुठे ते मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. डासांना एवढ्या मनुका लागतात हे डॉक्टरांना खरं वाटायचं, मला नाही.

गेल्या पावसानंतर माझ्या त्या मनुकाखाऊ डासांत हाडमोड्या तापाचा विषाणू सापडला तेव्हा मी तुला मुलुंडच्या नाक्यावर बटाटावडा खायला घातला. मला वाटलं, झालं काम. टेकडीवर दर वर्षी पावसाच्या शेवटी जो ताप येतो, अंग फोडून काढणारा, ज्याला दवाखान्यात मलेरिया म्हणून कडू गोळ्या देतात, त्याचं नाव सापडलं. पालिकेची माणसं गटारात फवारे मारत फिरतात आणि हा डास तर घरातल्या पिंपात वाढतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आता तरी पिंपांकडे बघतील. पण डॉक्टरांनी माझ्या आनंदावर पाणी ओतलं. "डासात आहे हे कळलं. माणसांना ताप त्यानेच येतो हे कुठे कळलं? जोड्या आणा."

जोड्या म्हणजे तुझं खातं. ताप असताना पहिलं रक्त, आणि दोन-तीन आठवड्यांनी, माणूस बरा झाल्यावर, दुसरं. पहिल्यात टिकल्या नाहीत आणि दुसऱ्यात लांबवर गेल्या, तर ताप त्याच विषाणूचा. एकट्या पहिल्या रक्ताला काही किंमत नाही. आणि घोडं अडायचं ते दुसऱ्यापाशीच. तापाने फणफणलेला माणूस काहीही देईल. बरा झालेला कशाला देतोय? गरज सरो, वैद्य मरो, असं तू टेकडी उतरताना रोज म्हणायचास, हसत. आता ती म्हण माझ्या तोंडून निघत नाही.

तुझी एक रीत होती, तिच्यावरून मी तुला किती बोलले. पहिलं आणि दुसरं यांच्यामध्ये तू प्रत्येक घरी एकदा जायचास, सुई न घेता. पेटी नाही, नळ्या नाहीत, काही नाही. नुसतं जाऊन बसायचं. जेवण जातं का, कामावर गेलात का, सांधे दुखतात का अजून. मी म्हणायचे, जीपचं डिझेल फुकट घालवतोस. तू म्हणायचास, "सुलू, जो माणूस दर वेळी सुई घेऊनच येतो त्याला लोक दार उघडत नाहीत. तुझे डास बघ, त्यांना कोण या बसा म्हणतं?" एका म्हातारीने एकदा तुला आडनाव विचारलं होतं, का विचारलं ते तुलाही कळलं आणि मलाही. माझं डोकं फिरलं. तू म्हणालास, "आजी, नळीवर नुसता नंबर असतो. तुमचंही आडनाव आत जात नाही." आणि तिच्याकडे मधल्या फेरीलाही गेलास. मी गेले नसते. तेव्हा तिने दुसरं रक्त द्यायचं कबूल केलं आणि वर तुला गूळ दिला हातावर.

फक्त पार्वतीकाकी तुला पुरून उरली. टेकडीच्या अगदी वरच्या ओळीतली. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून दहा-बारा माणसांचे डबे करून घर चालवणारी. तिच्याकडे गेलास की चहा मिळायचा, कधी बांगड्याचं तिखलं, रक्त नाही. तिचं म्हणणं तिने मला माझ्याच घरच्या बोलीत ऐकवलं होतं, मी मालवणची म्हणून: "रगत म्हणजे काय नळाचा पाणी आसा? आजारी होतंय तेव्हा दिलंय. आता बरी आसंय. बऱ्या माणसान रगत दिल्यान तर आजार वाट बघीत परत येता." तू तिला टिकल्यांचं सगळं समजावलंस. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "बरा हा. चाय घे." बाहेर आल्यावर तू म्हणालास, ही देणार. मी म्हणाले, कप्पाळ देणार.

आणि मग दिवाळीनंतर तूच आडवा झालास. सकाळी केंद्रावर आलास तो डोळे लाल, मान धरून. "सुलू, आलाय वाटतं तुझा पाहुणा." मी म्हणाले, बस, पहिलं रक्त घेते. आणि अर्ध्या भांडुपला सुई टोचणारा हा माणूस, डोळे गच्च मिटून तोंड भिंतीकडे करून बसला. मला इतकं हसू आलं की सुई खाली ठेवावी लागली. "हस, हस," तू म्हणालास, "माणसांचं काम आहे हे, डासांसारखं पकडू नकोस." त्या नळीवर नंबर मीच घातला. पाच-सहा दिवस हाडं मोडून घेतलीस, मग उठलास, जरा वाळलास, परत टेकडी चढायला लागलास. दुसऱ्या रक्ताचा विषय काढला की आज पोरीची शाळा, उद्या आईचे डोळे. शेवटी मी जीपच्या दारात उभी राहिले. "बरं बाई, सोमवारी घे. पण हसायचं नाही." हे आपलं शेवटचं बोलणं. वाईट नाही तसं. याहून वाईट काही बोलून गेला असतास तर मी काय केलं असतं?

एक भांडण मात्र अर्धं राहिलं. तू प्रत्येकाला सांगायचास, निकाल आला की मी स्वतः येऊन सांगेन. मी म्हणायचे, सांगून काय करणार? या तापावर औषध नाही. जो ताप येऊन गेला त्याचं नाव कळून माणसाला काय मिळतं? तू म्हणायचास, नाव कळलं की अर्धा ताप उतरतो. मी म्हणायचे, बुवाबाजी आहे ही. मला अजून वाटतं, तुझ्याकडे उत्तर होतं आणि तू ते पुढच्या भांडणासाठी राखून ठेवलंस.

तू गेलास तेव्हा आठ-दहा जणांचं दुसरं रक्त राहिलं होतं, आणि वर्ष संपायच्या आत डॉक्टरांना पालिकेपुढे अहवाल ठेवायचा होता. ते मला बोलावून म्हणाले, वाईट मनाने नव्हे, "जोड्या पुऱ्या होत नसतील तर या वर्षी भांडुप सोडून देऊ." सोडून देऊ. म्हणजे पुढच्या पावसाळ्यातही कडू गोळ्या आणि गटारात फवारे. म्हणजे तुझे टेकडीवरचे सगळे चहा फुकट. मी म्हणाले, मी आणते. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू सुभेदाराने पुन्हा अंडं घातलंय.

गेले मी टेकडीवर. पेटी घेऊन, नळ्या घेऊन, तुझी यादी तोंडपाठ करून. वाट लागली माझी. मी दारात उभी राहून सरळ म्हणायचे, दुसरं रक्त द्यायचंय तुमचं. लोक आत बघायचे, मग माझ्याकडे, मग म्हणायचे, संध्याकाळी या, मुलगा घरी नाही, आज उपास आहे. खालच्या ओळीतला तो रिक्षावाला हसून म्हणाला, "मिलिंदभाऊला पाठवा, त्याला देतो. तुम्ही रागीट दिसता." मी म्हणाले, तो गेला. "कुठे, बदलीवर?" मला ते तिथेच, गल्लीत उभं राहून सांगावं लागलं. त्याने बसायला पाट आणला. मी बसले नाही, बसले असते तर उठले नसते. पेटी तशीच रिकामी घेऊन खाली आले.

पुढच्या शनिवारी मंडळाच्या खोलीत, जिथे आपण तापाची माणसं तपासायचो, तिथे जाऊन बसले. गणपतीच्या मखराचं सामान, कॅरमचा बोर्ड आणि मी. कोणी येईल असं मला वाटत नव्हतं. खरं सांगते, मी मनात राजीनाम्यासारखं काहीतरी लिहीत होते.

दार ढकलून पार्वतीकाकी आत आली. धुतलेलं लुगडं, केस नीट बांधलेले. तिच्या मागे दोघी-तिघी बायका, रिक्षावाला, गुळाची म्हातारी आणि यादीतले बाकीचे. काकी माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"माका परवा कळला," ती म्हणाली. "कोणी सांगूक नाय. तुझ्या घरातलो माणूस गेलो."

मी म्हणाले, "घरातला नव्हता काकी. कामावरचा."

"कामावरचो म्हणजे घरातलोच. त्याच्या घराचो पत्तो माका ठावक नाय. म्हणान दुखवट्याक तुझ्याकडेच ईलंय." मग तिने डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या. "दुखवट्याक रिकाम्या हातान कशी येव? पेज आणूची तर तू हय खातलंस खय? घे."

आणि हात पुढे केला.

मिल्या, तुला माहीत आहे टेकडीवर काय रीत आहे. ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात करून नेतात, चहा-साखर नेतात, हात हलवत कोणी जात नाही. त्या लोकांनी आपली खोली दुखवट्याचं घर धरली होती. आणि या घरात काय चालतं हे त्यांना ठाऊक होतं. एकेक जण बसत गेला, बाही वर करत गेला. मी सुई लावताना रडत होते आणि काकी मला दटावत होती, "समोर बघ गो चेडवा, शीर चुकवशील." चुकवली नाही. एकाचीही नाही. तू असतास तर म्हणाला असतास, झकास.

जाताना काकीने विचारलं, "त्याका पण ताप ईलो होतो मां? तोच?"

मी म्हणाले, माहीत नाही. त्याचं पहिलं रक्त आहे माझ्याकडे, दुसरं राहिलं. जोडी नाही म्हणून सांगता येत नाही.

तिने बांगड्या पुन्हा खाली ओढल्या. "मगे माजा त्याच्या बाजूक ठेव," म्हणाली आणि पायऱ्या चढायला लागली.

सुभेदाराचं रक्त काढायला या वेळी दोन माणसं लागली, तू नव्हतास ना मान कुरवाळायला. मी बशा मांडल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणि मी खिडकीशी उभं राहून बघत होतो. काकीच्या पहिल्या रक्ताच्या ओळीत एकही टिकली नाही, सगळ्या खळग्यांत पेशी पसरलेल्या. खालची ओळ दुसऱ्या रक्ताची. टिकली, टिकली, टिकली, पार पलीकडच्या टोकाजवळ जाईपर्यंत. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. म्हातारीचंही तसंच. रिक्षावाल्याचं नाही, त्याचा ताप कुठला तरी वेगळाच निघाला, आणि आणखी दोघांचा. पण बाकीच्यांचं बोट एकाच दिशेला होतं. माझ्या डासांत जो सापडला होता, तोच. मी तुझ्या जागेकडे वळून काहीतरी बोलायला गेले आणि तिथे आपला वजनकाटा होता.

भांडुप अहवालात राहिलं. पालिकेचे अधिकारी टेकडीवर येऊन गेले. पहिल्यांदा तोंड वाकडं करून, मग मी त्यांना एका पिंपात बॅटरी मारून वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या तेव्हा सरळ करून. पुढच्या पावसाळ्याआधी घरोघर पिंपं तपासायची, झाकणं द्यायची, दवाखान्याला या तापाचं सांगायचं, असं ठरलंय. सरकारी ठरणं आहे, मला काही भाबडी समजू नकोस. पण कागदावर तरी आता गटार नाही, पिंप आहे. आणि मी त्यांच्या मागे लागणार आहे. माझा राग शेवटी कुठे तरी उपयोगी पडू दे.

मग निकाल सांगायला गेले. तू कबूल करून ठेवलं होतंस, मी काय करणार? घरोघर बसले, चहा प्याले, एवढा चहा मी जन्मात प्याले नव्हते. रिक्षावाल्याला सांगितलं, तुमचा तो नव्हता, कोणता ते आम्हाला कळलं नाही. त्यावरही तो खूश, नाही म्हणून सांगायला कोणी आलं याचाच त्याला आनंद. काकीला नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं. मग उठली, बाहेरच्या पिंपाकडे गेली, वाकून आत बघितलं. "म्हणजे माज्याच पाण्यात वाढलो मेलो?" त्या दिवसापासून वरच्या ओळीत आठवड्यातून एकदा पिंपं पालथी घालून, घासून, उन्हात वाळवतात. पालिकेने सांगितलं म्हणून नव्हे, काकी दारात उभी राहते म्हणून. तेव्हा ते भांडण तू जिंकलास असं मी म्हणणार नाही. अर्धा ताप उतरत नाही नावाने. पण पिंप पालथं पडतं, हे मला कबूल.

शीतपेटीत तुझी नळी अजून आहे. जोडी नसलेल्या नळ्या काढून टाकायचा नियम आहे, मी काढली नाही. तिच्या बाजूची दुसऱ्या रक्ताची खाच रिकामी होती. तिथे मी काकीच्या रक्तातलं उरलेलं ठेवलंय. ओरडू नकोस, चिठ्ठी व्यवस्थित लावली आहे, नमुने मिसळलेले नाहीत. शास्त्रात याला काही अर्थ नाही हे मलाही कळतं. डॉक्टरांनी परवा ते बघितलं आणि झाकण लावून टाकलं. आणि तुझ्या पहिल्या रक्तात, अगदी तापाच्या पहिल्या दिवशीचं म्हणून, तो विषाणू जिवंत असेलही. हे वर्ष संपलं की त्यातलं थोडं मी माझ्या डासांना टोचून बघणार आहे, त्यांच्यात वाढला तर तुझ्या तापाचं नाव कळेल. मनुका मी स्वतः आणल्यात. या वेळी कमी पडायला नकोत, तुझ्या वाटणीच्याही आणल्यात.

काल वहिनींचा विचार करत होते. तू गेलास त्या दिवशी घाटकोपरला पाय ठेवायला जागा नव्हती. पुण्यानुमोदनाला पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, वंदना, सगळी वस्ती होती. आता पहिल्या स्मृतिदिनाशिवाय कोणी जाणार नाही. मधल्या दिवसांत त्या घरी आईंना डोळ्यांत थेंब घालायचे असतात, पोरीला शाळेत सोडायचं असतं, आणि दार वाजत नाही. मला हे कधी सुचलं नसतं रे. माणसं माझं खातं नव्हतंच.

उद्या सुट्टी आहे. मी घाटकोपरला जाऊन येते. काही काम नाही. जेवण जातं का, झोप लागते का, विचारते. चहा घेते. सुई न घेता.

तुझी,
सुलू